कानवाले काका आणि वाऱ्याचं मशीन

माणूस निवृत्त झाला की उशिरा उठतो, दुपारी लवंडतो आणि संध्याकाळी बाजारात भाजी निवडत बसतो, असा माझा आपला साधा समज होता. पोलाद प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहणारे काका मात्र निवृत्त झाल्यावरही शिफ्टमध्येच जगत. एक आठवडा ए, एक आठवडा बी, एक आठवडा सी. सीच्या आठवड्यात, म्हणजे रात्रपाळीत, ते रात्रभर ओट्यावर खुर्ची टाकून जागे राहत आणि सकाळी आंघोळ करून, जेवून, खिडकीला जुनी चादर बांधून झोपत. प्लांटने हारतुरे देऊन त्यांना घरी पाठवलं होतं, ते त्यांच्या मनाने घेतलंच नव्हतं. "शरीराची बेअरिंग त्याच चालीवर बसली हाय," ते सांगत. "आता चाल बदलली तं जाम होईन." काकू बिचाऱ्या त्याप्रमाणे कधी पहाटे तर कधी भरदुपारी कुकर लावत. आमच्याकडे याचं कोणाला फारसं नवल नव्हतं, कारण इथे प्रत्येक ब्लॉकमध्ये कोणी ना कोणी दिवसा झोपलेलं असतंच.

मी वरच्या मजल्यावर राहायचो. प्लांटच्या ऑफिसात कारकून, म्हणून काका मला बाबू म्हणत. त्यांच्या तोंडी त्या शब्दाला किंचित कीव असे. बाबू म्हणजे पंख्याखाली बसून मशीनबद्दल लिहिणारा माणूस. मी जन्माचा काळजीखोर. गॅस बंद केला का, हे बघायला मी जिन्यावरून परत जातो आणि कुलूप ओढून बघायला दुसऱ्यांदा परत जातो. माझी बायको म्हणते, तुम्हाला काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याचीच काळजी लागते. अशा माणसाला देवाने खाली शेजारी कोण द्यावा, तर झोपेत ज्याचा श्वास थांबतो असा!

पण तो भाग पुढचा. आधी कान सांगतो, कारण सगळी वसाहत त्यांना कानवाले काका म्हणूनच ओळखायची.

त्यांची सगळी नोकरी ब्लोअरवर गेली. लोखंडाच्या भट्टीला सतत वारा लागतो आणि तो वारा पाठवणारी घराएवढी मोठी मशिनं असतात, त्यांच्यावर. तिथे ते एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेऊन फिरत. त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. काट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "काटा कोणी बी ठोकून हलवते," ते म्हणायचे. "आवाज कोणाचं ऐकत नाई." निवृत्त झाल्यावर हा पेचकस घरी आला आणि उन्हाळा लागला की लोक आपापले कूलर दाखवायला त्यांना बोलावू लागले. काका जात, चार माणसं भोवती गोळा होत, पंखे बंद करायला लावले जात, लेकरांना दटावलं जाई. मग पेचकस कूलरच्या मोटरला, मूठ कानाला. थोड्या वेळाने डोळे उघडून ते म्हणत, "मागच्या बुशनं जीव सोडला." आणि तसंच निघे.

फ्रिज, मिक्सर, पाण्याचा पंप, एकदा तर समोरच्यांच्या लग्नातला जनरेटर. तो ऐकून त्यांनी वरबापाला सांगितलं की, मंगलाष्टकं लवकर आटपा. मंगलाष्टकं लांबली आणि वरमाला अंधारात पडल्या. काकांनी त्या दिवशी दोन गुलाबजाम जास्त खाल्ले.

एकदा माझी स्कूटर त्यांनी अशीच ऐकली आणि म्हणाले, "बाबू, गाडी चांगली हाय. चालवणारा घाबरते, म्हणून ती बी घाबरते." मला राग आला, पण खोटं नव्हतं.

या माणसाला झोपेत श्वास थांबायचा आजार आहे हे कळायला इतकी वर्षं का लागली, तर ती शिफ्ट. दिवसा पेंगले की आम्ही म्हणायचो, सी शिफ्ट चालू असेल. बोलता बोलता मान पडली, तरी तेच. त्यांचं घोरणं वर आमच्या फरशीपर्यंत यायचं आणि मध्येच बंद व्हायचं. मला घोरण्याचा त्रास नव्हता, ते बंद व्हायचं त्याचा होता. मी वर पडल्या पडल्या वाट पाहायचो. काकू तर खाली उशाशीच बसलेल्या असायच्या. त्या त्यांना हलवायच्या, ते कुशी बदलायचे, पुन्हा सुरू. काकूंनी मला एकदा सांगितलं होतं की लग्नानंतर त्यांनी सलग झोप अशी माहेरीच घेतली आहे. त्या हसून सांगत होत्या, मला हसू आलं नाही.

शेवटी छातीत धडधडतं म्हणून दवाखान्यात नेलं. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो आणि त्याचा भार हृदयावर येतोय. रोज झोपताना नाकावर मास्क लावायचा, मशीन त्यातून दाबाने हवा देत राहील आणि घसा उघडा राहील. चालढकल केली तर एखाद्या दिवशी झोपेतच काही होऊ शकतं. काकूंनी हे वाक्य डॉक्टरांकडून दुसऱ्यांदा वदवून घेतलं, काकांना नीट ऐकू जावं म्हणून.

मशीन घरी आलं त्या दिवशी काका खूश होते. लहान पोराला खेळणं मिळावं तसे. "पाय बाबू," मला म्हणाले, "जनमभर मी भट्टीले वारा देल्ला, आता मले वारा भेटून राहिला." त्यांनी आधी पेचकस लावून मशीन ऐकलं, पास केलं आणि मग मास्क चढवला. त्या मशीनला खाली पाण्याची एक डबी होती, हवा कोरडी होऊ नये म्हणून. मशीन बसवायला आलेल्या माणसाने त्यात पाणी भरून दाखवलं. तो अंगणाबाहेर पडायच्या आत काकांनी ते पाणी कुंडीत ओतलं. वाऱ्यात ओल आली की भट्टी बिघडते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. काकूंनी दोनदा पाणी भरलं आणि दोनदा डबी कोरडी सापडली.

आठवड्याभरात त्यांचा कान दुखायला लागला. दुखणं म्हणजे कळ नव्हे. कान भरून यायचा, आत काहीतरी फुगायचं, जांभई दिली की टचकन फुटायचं आणि पुन्हा भरायचं. उठल्यावर दुपारपर्यंत त्यांना सगळं लांबून ऐकू यायचं. नाकही चोंदायचं. ते कानात तेल घालू लागले, लसूण घालू लागले, नाक दाबून फुंकर मारू लागले. कूलर दाखवायला लोक आले तर काकू बाहेर येऊन सांगत की आज काका झोपलेत. काका आत जागे बसलेले मला दिसत, हात कानावर.

मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. छातीचं ऐकून जो माणूस हसला होता, तो कानापायी जेवेना. मी म्हटलं, शेजारच्या दुर्ग शहरात कानाचे चांगले डॉक्टर आहेत, जाऊन येऊ. तर माझ्यावर उखडले. "कानाची तपासणी? माह्या कानाची?" म्हणाले. "माह्या कानानं आजवर दुसऱ्याइची तपासणी केली." मी विषय सोडला. काकू म्हणाल्या की आता हे मास्क काढून फेकणार, आणि मग मी काय करू.

पण तसं झालं नाही. उलट एके दिवशी काका हसत बाहेर आले. कान मोकळा झाला होता. मशीन चालू, मास्क चेहऱ्यावर, कान ठणठणीत. कसं काय, विचारलं तर म्हणाले, "सवय झाली बापा." त्यांनी काकूंकडून मशीनच्या नळीला फ्लॅनेलची खोळ शिवून घेतली होती, नळी थंड पडते म्हणून. काकूंनी हौसेने तिच्यावर हिरव्या दोऱ्याची वेल काढली. कूलर पुन्हा येऊ लागले. काकू रात्री झोपू लागल्या. मशीनचा एकसारखा आवाज येत असला की त्यांना भीती वाटत नसे. त्यांच्या डोळ्याखालची काळी वर्तुळं जरा फिकी झाली, हे माझ्या बायकोने मला दाखवलं.

मलाच काय ते चैन पडेना. डॉक्टर म्हणाले होते की मशीन लागू पडलं की दिवसाचं पेंगणं जाईल. ते तर गेलं नव्हतं. कूलरला पेचकस लावून डोळे मिटलेले काका बराच वेळ उघडायचे नाहीत आणि लोकांना वाटायचं, कूलर कठीण आहे.

चरोद्याला आम्हा दोघांच्याही ओळखीच्या घरी बारसं होतं. काका आणि काकू त्यांच्या स्कूटरवर पुढे, मी मागे माझ्या स्कूटरवर. मोठ्या रस्त्यावरच्या सिग्नलला ते थांबले, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. हिरवा झाला. आजूबाजूच्या गाड्या निघाल्या, काका निघाले नाहीत. माझ्यामागे एक ट्रक होता, तो हॉर्न देऊ लागला. काकू त्यांच्या पाठीवर थापा मारत होत्या आणि हेल्मेटमधली मान पुढे लोंबत होती. मी गाडी आडवी लावून ट्रकवाल्याला हात केला. तेवढ्यात काका जागे झाले, मला तसा आडवा पाहून म्हणाले, "इंजिन ऐकून राहिलो होतो." काकू उतरल्या आणि माझ्या मागे येऊन बसल्या. चरोद्यापर्यंत आम्ही दोघं त्यांच्या पाठीकडे बघत गेलो. ती पाठ जरा डावीकडे झुकली की काकूंची बोटं माझ्या खांद्यात रुतायची.

"मशीन तं रोज लावते," काकू वाटेत म्हणाल्या. "मंग कावून झोप येऊन राहिली यायले?"

पुढचा आठवडा काकांचा सी शिफ्टचा होता. माझी सुट्टी होती, मी सकाळी अंगणात कपडे वाळत घालत होतो. काकूंनी दारातून मला हात केला. आत गेलो. खिडकीला चादर, खोलीत अर्धवट उजेड, पलंगावर काका उताणे. मास्क नीट बसलेला, मशीनवरचा हिरवा दिवा लागलेला, आवाज एकसारखा. आणि काकांची छाती नुसती आत ओढली जात होती. पोट वर यायचं, गळ्याच्या शिरा ताणायच्या, श्वास मात्र जात नव्हता. मग तेही थांबलं.

"मशीन तं चालू हाय," काकू हळूच म्हणाल्या.

आम्ही दोघं तिथे उभे. मशीन आपलं घूं करत होतं. जे मशीन ऐकून काकू इतके दिवस निर्धास्त झोपत होत्या, तेच. मग काकांनी एकदम मोठा आचका दिला, खोल घरघरून श्वास ओढला आणि पुन्हा घोरायला लागले. मी मशीनवरचा हिरवा दिवाच पुन्हा पुन्हा बघत होतो. काकू मात्र पुढे झाल्या. गॅसची नळी गळते का ते बघावं तसा त्यांनी आपला तळहात मास्कपासून नळीवरून फिरवत नेला. खोळीच्या मध्यावर हात थांबला. त्यांनी मलाही हात लावायला सांगितलं. फ्लॅनेलमधून गार हवा सळसळत बाहेर येत होती. त्यांनी दाताने शिवण तोडली. आत नळीला करंगळी जाईल एवढं गोल भोक होतं, कडा तापल्या सळईने व्यवस्थित भाजून गुळगुळीत केलेल्या.

काकूंनी त्यांना उठवलं. काकांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते म्हणाले, "ब्लीडर हाय तो."

मला समजावून सांगितलं. भट्टीत दाब फार वाढला की वरची झडप उघडून तो बाहेर सोडतात, तिला ब्लीडर म्हणतात, नाही तर भट्टी फुटेल. कानात दाब येत होता, म्हणून त्यांनी नळीला ब्लीडर काढला. दाब गेला, कान मोकळा झाला. सगळं शास्त्राला धरून होतं. फक्त तो दाबच त्यांचा घसा उघडा ठेवत होता, हे त्या शास्त्रात नव्हतं.

"इतके दिवस," काकू म्हणाल्या, "मी तुमच्या बाजूनं बेफिकीर झोपून राहिली होती." आणि खोळ हातात घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. रडण्याचा आवाज आला नाही, भांडीही वाजली नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याच दिवशी आम्ही त्यांना दुर्गला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काका तयार झाले नव्हते, काकूंनी शर्ट काढून पलंगावर ठेवला आणि दारात चप्पल घालून उभ्या राहिल्या, एवढंच. डॉक्टरांनी कानात पाहिलं, नाकात पाहिलं, पडदे चांगले आहेत म्हणाले. नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक वाट जाते, मशीनची हवा तिथून वर चढते आणि कान भरल्यासारखा होतो. नाक सुजलेलं असलं की जास्तच. पाण्याची डबी भरता ना, त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "भरूच देत नाईत." डॉक्टर म्हणाले, मग नाक सुकणार, सुजणार आणि कान भरणारच. डबी भरा, नाकात हा फवारा मारा, मशीनचा दाब हळूहळू चढेल असं लावून देतो, मधूनमधून गिळा. काही दिवस त्रास होईल, पण त्याने कान जाणार नाही. आलाच आहात तर ऐकण्याची तपासणीही करून घेऊ.

काचेच्या छोट्या खोलीत काकांना बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाहेर टेबलाशी एक मुलगी बसून आवाज सोडत होती. मी आणि काकू बाकावरून काचेतून बघत होतो. काका धडाधड बटण दाबत होते. उजवा कान झाला, डावा सुरू झाला, तरी तीच गती. काकूंना जरा बरं वाटलं. पण त्या मुलीने मान वाकडी करून काकांकडे पाहिलं आणि मग मलाही दिसलं. काकांची नजर तिच्या बोटांवर होती. तिने कळ दाबली की ते बटण दाबत होते. ती हसली, उठली आणि खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ करून बसली.

त्यानंतर काकांचा अंगठा हलला नाही. ती आवाज सोडत राहिली, काका समोर बघत बसून राहिले. डाव्या कानाची तपासणी संपली.

डॉक्टर म्हणाले की डावा कान आजचा नाही, मशीनमुळे तर नाहीच, बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला आहे. मोठ्या आवाजात काम केलं असणार. उजव्यात अजून बऱ्यापैकी आहे. काकूंना काही समजेना. त्या मला विचारत होत्या की मग कूलर कसे कळायचे.

बाहेरच्या बाकावर काका मध्ये बसले, मी त्यांच्या उजवीकडे, काकू डावीकडे. काकूंचा प्रश्न मीच त्यांना विचारला. ते खाली बघत म्हणाले की हाताला कळायचं. पेचकस धरला की मुठीत मशीन समजतं. कानाला लावायचं ते लोकांसाठी. डावा कान नोकरीत असतानाच गेला होता, सांगितलं असतं तर ब्लोअरवरून काढून कुठेतरी टेबलाशी बसवलं असतं. मला एकदम आठवलं की त्यांच्या घरी मी डावीकडच्या स्टुलावर बसलो की ते मला नेहमी उठवून उजवीकडे बसवायचे, तिकडे हवा लागते म्हणून. आणि काकूंचा स्वयंपाकाचा ओटा काका बसायचे तिथून त्यांच्या डाव्या हाताला होता. काकू वर्षानुवर्षं आमच्याकडे येऊन सांगायच्या की हे माझं काही ऐकत नाहीत.

"एकावरच चालून राहिलं होतं, बाबू," काका म्हणाले. "मशीननं तो बी दाबाले सुरुवात केली. मी घाबरलो. श्वास गेला तं मले काई समजणार नाई. हा कान गेला तं रोज समजन."

डॉक्टर म्हणाले कान जाणार नाही, हे मी पुन्हा सांगितलं. ते मान हलवत होते, पण तो होकार नव्हता. घरी जाऊन हा माणूस दुसरं भोक पाडेल, नळीला नाही तर मास्कला, अशी मला खात्री वाटू लागली. काकू शेजारून काहीतरी बोलल्या. काकांनी ऐकलं नाही. त्या पुन्हा बोलल्या. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते.

काकू उठल्या. पदर सावरला, बाकाला वळसा घातला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी उठून जागा दिली. त्या काकांच्या उजवीकडे बसल्या, अगदी कानाशी वाकल्या आणि मोठ्याने नाही, नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "तुमाले नाई समजणार. मले समजन."

काकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग काका घसा खाकरून मला म्हणाले, "जाय बाबू, नवी नळी कुठं भेटन, इचारून ये."